तेवीस नंबरच्या बिडकरबाई

शामला बिडकर वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी अमेरिकन फुटबॉल खेळायला लागली, ती एका खोक्यामुळे.

त्याआधी तिचा खेळांशी संबंध म्हणजे शाळेत एकदा लंगडीत बदली म्हणून घेतलं होतं, तेवढाच. नंतरची अठरा वर्षं तिने देशावरच्या एका तालुक्याच्या पोस्टात, रजिस्टर्ड पार्सलच्या खिडकीवर काढली. मग नवऱ्याला, उल्हासला, ब्रेडातल्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत नोकरी लागली. शामला राजीनामा देऊन, लेकीला घेऊन त्याच्या पाठोपाठ नेदरलँड्सला आली. कागदावर ती आता 'डिपेंडंट' होती. हा शब्द तिने पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला, आणि कागद घडी घालून ठेवून दिला.

त्यांच्या गल्लीत एकतीस घरं होती आणि दिवसा एकतिसांपैकी तीस घरं रिकामी असत. पार्सलवाल्याला हे आठवड्याभरात कळलं. मग तो कुणाच्याच दाराची बेल वाजवेनासा झाला; गाडी थेट तेवीस नंबरसमोर उभी करायचा आणि सगळ्या गल्लीचा माल शामलाच्या हवाली करायचा. बूट, कुत्र्याचं खाणं, पडद्यांचे बांबू, एकदा तर अख्खं कयाक. शामलाने बाहेरची खोली मोकळी केली. संध्याकाळी शेजारी येत, तेव्हा ती दारात उभी राहून नाव विचारायची, घर नंबर विचारायची आणि ओळखपत्र मागायची. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनाही मागायची.

"अगं, रोज बघतेस की त्यांना," उल्हास म्हणाला.

"चेहरा बघून पार्सल द्यायचं नसतं," शामला म्हणाली.

डच शेजाऱ्यांना याचं काहीच वाटलं नाही. उलट, अखेर कुणीतरी शिस्तीचं माणूस गल्लीत राहायला आलं, म्हणून त्यांनी तिला ट्युलिपचे कंद आणून दिले.

एका मंगळवारी आलं ते खोकं तिच्या छातीइतकं उंच होतं. त्यावर 'रेड हेरन्स' असं लिहिलेलं होतं. गावातल्या बायकांच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं हे नाव; त्यांची कोच मारायके एकोणीस नंबरला राहायची. संध्याकाळी मारायकेऐवजी लिस्बेट नावाची एक धिप्पाड मुलगी आली. मैदानावरून थेट आली होती, गुडघ्यांना चिखल होता, आणि खिशात काही नव्हतं. कारण तिच्या चड्डीला खिसाच नव्हता.

"कोचने पाठवलंय," ती म्हणाली.

"चिठ्ठी?"

चिठ्ठी नव्हती. लिस्बेट हसली, वाकली, खोकं उचललं आणि चालू लागली. शामला "ओ, थांबा!" म्हणाली, तशी ती पळू लागली.

आता ही लिस्बेट म्हणजे संघातली सगळ्यात दांडगी पळणारी. गेल्या दोन हंगामांत तिला धरून खाली पाडणं कुणालाही जमलं नव्हतं. शामलाच्या पायात घरातल्या सपाता होत्या. तिने कोपऱ्यावरच्या सायकल स्टँडपाशी लिस्बेटला गाठलं, खोक्याला मिठी मारली आणि सोडली नाही. खोकं, लिस्बेट आणि शामला अशा तिघी बारा नंबरच्या कुंपणातून आरपार जाऊन हिरवळीवर पडल्या. लिस्बेटने खोकं ओढून पाहिलं. मग मागून आलेल्या आणखी चार जणींनी ओढून पाहिलं. शामला खोक्यावर बसून राहिली. शेवटी मारायके स्वतः ओळखपत्र घेऊन आली. शामलाने फोटो पडताळला, सही घेतली, साडीवरचं गवत झटकलं आणि घराकडे वळली.

"मेव्राउ बिडकर," मारायके मागून, डच रिवाजाने नावाला 'बाई' लावून, म्हणाली, "गुरुवारी साडेसहाला काय करता तुम्ही?"

"पोळ्या."

"त्या आधी उरकता येतील?"

गुरुवारी शामला गेली, ती मुख्यतः कुंपणाबद्दल वाईट वाटत होतं म्हणून. मारायकेने तिला फळ्यावर बाण काढून खेळ समजावून सांगितला. शामलाला एक अक्षर कळलं नाही. तासाभराने मारायकेने खडू खाली ठेवला, एक लांबुळका चामडी चेंडू आणला आणि तिच्या हातात दिला.

"हे पार्सल आहे," ती म्हणाली. "ह्या समोरच्या अकरा जणी ते न विचारता घेऊन चालल्यात. त्यांच्यापैकी एकीकडेही अधिकार नाही."

"मग आधीच सांगायचं की," शामला म्हणाली.

तिला बचावफळीच्या मधोमध उभं केलं. हेल्मेट अंबाड्यावर बसेना. कुणीतरी केस कापायचं सुचवलं, तेव्हा शामलाने त्या मुलीकडे अशा नजरेने पाहिलं, की ती उरलेला महिनाभर तिच्याशी अदबीने वागली. मग अंबाडा सोडून दोन वेण्या घातल्या आणि त्या खांद्याच्या पॅडमध्ये खोचल्या. पाठीवर तेवीस नंबर घेतला. पत्ता स्पष्ट असलेला बरा, असं तिचं म्हणणं.

पहिला सामना झ्वोलच्या संघाशी होता. झ्वोलच्या पोरी एकामागून एक चेंडू घेऊन धावत आल्या आणि एकामागून एक शामलापाशी येऊन संपल्या. ती कुणाला पाडत नसे. ती चेंडूला धरी. मग त्याच्याबरोबर आलेलं माणूस आपोआप पडे. आठव्यांदा तर चेंडू निसटून तिच्याच हातात आला. पंच शिट्टी वाजवत आला आणि त्याने चेंडूसाठी हात पुढे केला.

"आपण कोण?" शामलाने विचारलं.

"मी पंच आहे."

"ओळखपत्र?"

वेळ काढल्याबद्दल रेड हेरन्सना पाच यार्डांचा दंड झाला. पुढच्या सामन्यात पुन्हा पाच. तिसऱ्या सामन्यानंतर फेडरेशनने बैठक घेतली, दोन तास चर्चा केली, आणि ठराव केला की ज्या सामन्यात तेवीस नंबरच्या बाई खेळत असतील त्या सामन्यात पंचांनी गळ्यात फोटोचं कार्ड घालावं. दंड बंद झाला. कार्डामुळे पंचांच्या चुकाही कमी झाल्या, असं फेडरेशनच्या अहवालात नंतर आलं.

पहिला हंगाम संपेपर्यंत स्थानिक पेपरात तिचा अर्ध्या पानाचा फोटो आला होता. दुसऱ्या हंगामात लोक तिला बघायला बेल्जियमहून येऊ लागले. पार्सलवाला घरी कुणी नसलं की दारात जे कार्ड टाकतो, 'आम्ही आलो होतो, आपण भेटला नाहीत', ते मोठं करून प्रेक्षक फलक म्हणून आणत, आणि समोरची पोरगी शामलाखालून उठताना सगळे मिळून तिच्यासमोर नाचवत. प्रतिस्पर्ध्यांनी सगळे उपाय करून पाहिले. एका संघाने दारावरच्या बेलचा आवाज मोठ्याने वाजवला. शामलाने बेलकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या वेळी ती ड्यूटीवर होती.

उल्हासचं मात्र अवघड झालं होतं. दर रविवारी त्याची आई फोनवर विचारायची, "शामला काय करते रे हल्ली?"

"ती... डिफेन्समध्ये आहे, आई."

मग आई हळूच म्हणाली, "अगंबाई. कुणाला सांगू नये का हे?"

उल्हासला खुलासा करायचा होता, पण तोवर आईने फोन ठेवून शेजारी सांगितलंही. पुढच्याच आठवड्यात गावातल्या महिला मंडळाने परदेशी सैन्यात दाखल झालेल्या सूनबाईंच्या अनुपस्थितीत त्यांचा सत्कार केला. शालीचा फोटो आला. शामला म्हणाली, शाल चांगली आहे, राहू दे.

लेक सानिका पंधरा वर्षांची. तिच्याशी मराठीत बोललं की ती डचमध्ये उत्तर द्यायची. आईचा फोटो पेपरात आला त्या दिवशी ती फक्त म्हणाली, "माम, दू नॉर्माल." म्हणजे, आई, जरा सरळ वाग. पण शाळेच्या दप्तराला तिने तेवीस नंबरचा बिल्ला लावला होता. शामलाने तो पाहिला आणि पाहिला नाही असं दाखवलं.

तीन हंगामांत एक्केचाळीस सामने झाले. शामलाच्या बाजूने एकदाही कुणी पलीकडे गेलं नाही. आणि मग डेल्फ्टशी अंतिम सामना आला.

डेल्फ्टच्या संघात चैत्राली नावाची मुलगी होती. मूळची चिंचवडची, तंत्र-विद्यापीठात पीएचडी करणारी. समुद्राचं पाणी अडवायला जे प्रचंड दरवाजे बांधतात, त्यांचा तिचा अभ्यास. दरवाजा किती भक्कम आहे याचा नव्हे, तर तो कशाने उघडतो याचा. तिने शामलाच्या सगळ्या सामन्यांची चित्रफीत पाहिली होती. तिच्या संघातल्या बाकीच्या जणींनी शामलाला चुकवून कसं जायचं याच्या योजना आखल्या, तेव्हा चैत्राली त्या बैठकीतून उठून गेली आणि एक अर्ज लिहायला बसली.

सामना ब्रेडातच होता. वारा आडवा सुटला होता आणि पाऊस पडावं की नाही या विचारात होता. शेवटच्या सत्रात रेड हेरन्स सहा-शून्यने पुढे होते. पाच मिनिटं उरली असताना चेंडू चैत्रालीकडे आला. ती सगळ्यांना हुकवत मधोमध आली आणि शामलाच्या समोर, दोन हातांवर, चक्क थांबली.

"काकू," ती धापा टाकत म्हणाली, "अधिकारपत्र आणलंय."

शामलाचे पुढे झालेले हात हवेतच राहिले. चैत्रालीने मोज्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद काढला. शामलाने तो घेतला आणि वाचायला सुरुवात केली. मैदानावरच्या बाकीच्या वीस जणी होत्या तिथे उभ्या राहिल्या. कागदपत्रांची तपासणी चालू असताना मध्ये पडायचं नसतं, हे त्या देशात लहानपणापासून शिकवतात. पंचाने शिट्टी तोंडाशी नेली, कागदावरचा शिक्का पाहिला आणि शिट्टी खाली घेतली.

कागद फेडरेशनचा होता. चेंडू ही फेडरेशनची मालमत्ता असून, तो मैदानावरील कोणत्याही ठिकाणाहून पलीकडच्या रेषेपर्यंत नेण्यास कुमारी चैत्राली यांना याद्वारे अधिकार देण्यात येत आहे, असं त्यात म्हटलं होतं. खाली सेक्रेटरी दे फ्रीस यांची सही. ती सही शामला ओळखत होती. पंचांच्या कार्डावर तीच असायची.

"ओळखपत्र?"

चैत्रालीने दुसऱ्या मोज्यातून काढून दिलं.

"तोंड वर कर. जाळीतून नीट दिसत नाहीये."

चैत्रालीने तोंड वर केलं. शामलाने फोटो पाहिला, तोंड पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. स्टेडियमवर दोन हजार माणसं होती आणि वाऱ्याशिवाय कसलाच आवाज नव्हता.

"मूळ प्रत माझ्याकडे जमा राहील," शामला म्हणाली. कागद तिने आपल्या मोज्यात खोचला आणि बाजूला झाली. "जा."

चैत्राली चालत पलीकडे गेली. रेषा ओलांडल्याचे सहा गुण; सहा-सहा. मागोमाग डेल्फ्टने जादा गुणाची किक मारली आणि त्यांचे सात झाले.

मारायके पाय आपटत मैदानावर आली. "मेव्राउ बिडकर! तीन वर्षं! तीन वर्षांत एकदाही नाही, आणि आज?"

शामलाने मोज्यातून कागद काढून तिच्या हातात दिला. मारायकेने तो वरपासून खालपर्यंत वाचला, उलटून मागे पाहिलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. तिचा आवाज उतरला.

"हे बरोबर आहे," ती म्हणाली.

"म्हणूनच," शामला म्हणाली.

दोन मिनिटं उरली असताना चेंडू पुन्हा डेल्फ्टकडे गेला. त्यांना आता फक्त वेळ काढायचा होता, पण एकदा दार उघडलं की माणसाचा धीर चेपतो. चैत्राली पुन्हा चेंडू घेऊन थेट शामलासमोर आली, पुन्हा मोज्यात हात घातला आणि पुन्हा कागद पुढे केला.

शामलाने कागद उजेडाकडे धरला.

"झेरॉक्स आहे ही, बाळा."

"काकू, मूळ प्रत तुमच्याचकडे आहे ना!"

"म्हणजे वापरून झाली," शामला म्हणाली आणि तिने चेंडू काढून घेतला. चैत्राली चेंडूमागे ओढली जाऊन गवतावर बसली.

आता चेंडू शामलाच्या हातात होता आणि शिट्टी वाजली नव्हती. आजवर असं झालं की ती पंचाला गाठून, कार्ड बघून, चेंडू सोपवायची. पण ह्या वेळी तिच्याकडे मालकाचं नाव लेखी होतं. चेंडू फेडरेशनचा. फेडरेशनतर्फे सही करणारे दे फ्रीस मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, पहिल्या रांगेत, मांडीवर छत्री घेऊन बसलेले तिला दिसत होते. मालक समोर असताना मध्यस्थाकडे द्यायचं कशाला?

ती निघाली. आधी चालत, मग पळत. डेल्फ्टची एक पोर आडवी आली. ती शामलाच्या कोपराला थोडा वेळ लटकली आणि मग तिने सोडून दिलं. आणखी दोघी आल्या, त्यांनी दोन्ही वेण्या धरल्या, कारण एव्हाना त्या पॅडमधून बाहेर आल्या होत्या. शामला तशीच पळत राहिली. तिच्या कानात वारा शिरत होता. सत्तर यार्ड ती आयुष्यात कधी पळाली नव्हती. पोस्टात पळायला जागा नव्हती, आणि नंतर कारण नव्हतं. बाजूने मारायके काहीतरी ओरडत धावत होती, सानिका कठड्यावर चढून शुद्ध मराठीत "आई, पळ! आई, पळ!" असं किंचाळत होती, आणि शामलाला वाटलं की मैदान आणखी थोडं लांब असतं तरी चाललं असतं.

ती रेषा ओलांडून, फलक पाडून, दे फ्रीस यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"आपलं पार्सल," ती म्हणाली. "ओळखपत्र?"

दे फ्रीस यांनी कोटाचे सगळे खिसे चाचपले. पाकीट गाडीत राहिलं होतं.

"मग उद्या घरी येऊन घ्या. दहा ते पाच," शामला म्हणाली.

मागे पंचाने गुण झाल्याची खूण म्हणून दोन्ही हात वर केले होते. रेड हेरन्स बारा, डेल्फ्ट सात. त्या वर्षीचा चषक ब्रेडाला मिळाला आणि सर्वोत्तम बचावपटूचं पदक शामलाला, जरी तिने त्या दिवशी एकीला जाऊ दिलं होतं आणि स्वतः सहा गुण मिळवले होते.

घरी जाताना उल्हास आणि ती सायकली हातात धरून चालत होते. तिचा गुडघा सुजला होता.

"एक विचारू?" उल्हास म्हणाला. "त्या पोरीला जाऊ दिलंस. कागद बरोबर होता, मान्य. पण तुला पाडायचंच असतं तर काहीतरी खोट काढली असतीस की. तुला मी ओळखतो."

शामला चालत राहिली. कालव्याच्या पुलावर आल्यावर थांबली.

"नोकरीला तिसरं वर्ष होतं माझं," ती म्हणाली. "एका मुलीचं रजिस्टर्ड पाकीट आलं होतं. तिचा चुलतभाऊ आला, म्हणाला घरचंच आहे, द्या. दिलं मी. चेहऱ्याने ओळखत होते ना. ते नोकरीचं बोलावणं होतं. घरच्यांनी तारीख उलटेपर्यंत दाबून ठेवलं, लग्न ठरवायचं होतं तिचं. महिन्याने ती स्वतः खिडकीवर आली. 'बाई, माझं काही आलं होतं का?'"

"मग? काय सांगितलंस?"

"खरं सांगितलं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं." शामलाने सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली. "जिचं आहे तिला अडवायचं नाही, आणि जिचं नाही तिला सोडायचं नाही. एवढंच काम आहे ते. लोक त्याला काहीही म्हणोत."

उल्हासने तिची सायकल आपल्या दुसऱ्या हातात घेतली. पुढचा रस्ता तो दोन सायकली घेऊन वाकडातिकडा चालला आणि शामला मोकळी चालली.

मार्चमध्ये चैत्रालीचा फोन आला. तिच्या प्रबंधाची जाहीर तोंडी परीक्षा होती. तिकडे रिवाज असा, की परीक्षा देणाऱ्याच्या शेजारी आपली दोन माणसं उभी करायची. जुन्या काळी म्हणे वाद हातघाईवर आला तर उपयोगी पडावीत म्हणून.

"एक माझी रूममेट आहे," चैत्राली म्हणाली. "काकू, दुसऱ्या तुम्ही याल?"

शामला निळी कांजीवरम नेसून, गुडघ्याला पट्टा बांधून डेल्फ्टला गेली. काळे झगे घातलेले सहा प्राध्यापक समोर ओळीने बसले होते. पहिल्याने प्रश्न विचारण्याआधी शामलाकडे एकदा पाहिलं, झग्याच्या आत हात घालून विद्यापीठाचं कार्ड काढलं आणि बाहेर लटकवून ठेवलं. मग उरलेल्या पाच जणांनीही काढलं. तासभर त्यांनी चैत्रालीला पाण्याबद्दल आणि दरवाजांबद्दल विचारलं. शामलाला त्यातलं फारसं कळलं नाही, पण एकाही उत्तरापाशी मुलगी अडखळली नाही, हे तिने नीट ऐकलं. बरोबर तासाने एक माणूस उंच दंड घेऊन आत आला, तो जमिनीवर आपटून लॅटिनमध्ये 'वेळ झाली' म्हणाला, आणि सगळे गप्प झाले. थोड्या वेळाने चैत्राली डॉक्टर होऊन बाहेर आली. पदवीची लाल नळी तिने छातीशी धरली होती.

अंगणात कॉफी होती. चैत्राली कप घेऊन शामलाजवळ येऊन बसली.

"पुढच्या हंगामात मी नाहीये काकू. नोकरी लागली, वेळ नाही मिळायचा. तुमचं बरं, आता तुम्हाला थांबवणारं आणि तुम्ही थांबवावं असं कुणी उरलं नाही."

"मी बचाव सोडला," शामला म्हणाली.

चैत्रालीने कप खाली ठेवला. "काय? तुमच्याएवढी बचावपटू ह्या देशात झाली नाही. गुडघ्यामुळे?"

"गुडघा बरा आहे." शामला जरा लाजली. "मारायकेला सांगितलं, मला पलीकडे घे. पळणाऱ्यांत. ती म्हणाली, एकोणपन्नासाव्या वर्षी कुणी नव्याने पळायला शिकत नाही. मी म्हटलं, मग तुझ्याकडे तसा नियम लिहिलेला दाखव. नाही दाखवता आला तिला."

"पण काकू, का?"

शामलाने इकडेतिकडे पाहिलं. झगेवाले प्राध्यापक दूर उभे राहून केक खात होते.

"बरं वाटलं गं पळायला," ती म्हणाली.